घरात व्यायामाचं साहित्य घेताय? आधी खोली मोजा

दुकानात शिरलं की नजर आधी ट्रेडमिलवर जाते. पण कुठलं साहित्य घ्यायचं हे घरातली खोली ठरवते. सोलापुरात तर हे फारच खरं आहे, कारण मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि व्यायामाची खोली म्हणजे पुष्कळदा गच्चीवरची पत्र्याची खोली असते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. स्वस्त पडतात म्हणून डंबेलसाठी प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या प्लेटा आणल्या आणि पत्र्याखाली ठेवल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेचा जोड उकलला. डंबेल उचललं की फरशीवर राखाडी भुकटी सांडायची. शेजारी खिळ्याला टांगलेला रबरी बँड चिकट झाला होता; ताणून पाहिला तर अंगभर केसासारख्या बारीक भेगा.

पहिलं काम: टेप आणि खडू

जी वस्तू मनात आहे तिचा चौकोन फरशीवर खडूने आखा. ट्रेडमिल साधारण साडेपाच ते सहा फूट लांब असते. चालताना तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून तिच्या मागे निदान सहा फूट मोकळं हवं. तिथे भिंत नको, कपाट नको. बेरीज बारा फुटांवर गेली. दहा बाय दहाच्या खोलीत ट्रेडमिल मावेल, पण तिच्यावर निर्धास्त चालता येणार नाही.

मग वर बघा. पंखा बंद करा, त्याच्याखाली उभे राहा, हात सरळ वर करा आणि टाचा उचला. बोटं आणि पातं यांत हातभर अंतर नसेल तर डोक्यावर वजन उचलायची जागा बाजूला सरकवा. दोरीवरच्या उड्यांनाही हाच नियम.

फरशी शहाबादी असेल तर हातातून सुटलेलं डंबेल तिचा कोपरा उडवतं. वजनं ठेवायच्या जागी जाड रबरी मॅट टाका. सोलापुरी चादर अंथरून जोर मारू नका. गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि मनगट दुखावतं. घाम पुसायला मात्र इथल्या टेरी टॉवेलसारखं दुसरं काही नाही.

कोणासाठी घेताय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान 2 दिवस स्नायूंच्या ताकदीचा. यातलं चालणं पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने फुकट होतं. म्हणून घरातला पैसा आधी ताकदीच्या साहित्यावर घाला, असं मी आग्रहाने सांगेन. तोही लगेच नको. आपल्या तालमींत जोर आणि बैठकांवरच अंग घडत आलंय. तीन आठवडे तेवढंच नेमाने करा, मग दुकानाची पायरी चढा.

घरात पासष्टीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून 3 दिवस हवा. त्यासाठी बिनचाकांची भक्कम खुर्ची आणि एकेक किलोची दोन डंबेल्स पुरतात. बीपी, हृदय किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली खरेदी

दोन छोटे रॉड आणि लोखंडी सुट्या प्लेटा. ताकद वाढेल तशी प्लेट वाढवायची, नवीन जोडी घ्यावी लागत नाही. लोखंडी प्लेटा किलोच्या भावाने मिळतात, त्यामुळे दुकानातच काट्यावर ठेवायला लावा. कोरलेला आकडा आणि काटा यांत फरक निघतो. रॉडचं वजनही धरा. मग प्लेट लावून नट आवळा आणि डंबेल कानाजवळ हलवा. खुळखुळ आली तर नट नीट बसत नाही किंवा आतली रबरी चकती गेलीय. मुठीच्या जागी बारीक खाचा हव्यात, घामेजल्या हातातही पकड सुटू नये इतक्या. आणि प्लेटेचं भोक रॉडच्या जाडीचंच हवं. घरगुती रॉड साधारण 25 ते 28 मिलिमीटरचे असतात, ऑलिंपिक, म्हणजे स्पर्धेच्या मापाच्या रॉडच्या प्लेटांचं भोक 50 मिलिमीटरचं. दोन्हींचा मेळ बसत नाही.

किती किलो? 8 ते 12 वेळा उचलता यावं आणि शेवटच्या दोन वेळा दम लागावा, इतकं.

बेंच घ्यायचा तर त्यावर आडवे पडून दोन्ही बाजूंना झोका द्या. जराही डुलला तर नको. तुमचं वजन आणि हातातलं वजन मिळून जेवढं होईल, त्याहून बेंचची क्षमता बरीच जास्त हवी. बँड उन्हापासून दूर, खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा. लटकायचा बार भिंतीत बसवणार असाल तर भिंत पोकळ विटांची नाही ना, हे गवंड्याकडून बघून घ्या.

ट्रेडमिल आणि सायकल सगळ्यात शेवटी

तरीही ट्रेडमिल घ्यायचीच असेल तर मोटरची सलग चालण्याची ताकद विचारा; खोक्यावर बहुतेकदा क्षणिक कमाल ताकद छापलेली असते. तिच्यासाठी अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल वेळोवेळी घालावं लागतं, म्हणून दुरुस्तीला येणारा माणूस सोलापुरात आहे का, हे पैसे देण्याआधी पक्कं करा. गुडघे कुरकुरत असतील तर पाठीला टेका असलेली चुंबकी सायकल बरी, म्हणजे चुंबकाच्या जोरावर पायडल जड करणारी, जागेवरची सायकल. ती फारसा आवाजही करत नाही.

जुनं साहित्य मिळालं तर लोखंड बिनधास्त घ्या, जुनी ट्रेडमिल मात्र अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय नको. गंजलेल्या प्लेटा पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, काळ्या रंगाचा एक हात द्या आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या.