गॅसचं टेम्परेचर कमी दिसलं म्हणून खुश होऊ नका, फिरत्या एअर प्रीहीटरच्या या चुका टाळा

आपल्या सोलापूर भागातली बरीच पोरं साखर कारखान्याच्या बॉयलरवर शिकतात आणि मग थर्मलला जातात. प्रीहीटर म्हणजे बॉयलरच्या धुराच्या गॅसमधली उष्णता घेऊन जळणाला लागणारी हवा आधी तापवणारं यंत्र. कारखान्यात बहुतेक ट्यूबवाला प्रीहीटर असतो, पण फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखी 660 मेगावॉटची कोळशाची युनिटं म्हटली की फिरणारा रोटर आला. मिनिटाला एखाद-दोन फेरे, पत्र्याच्या बास्केट गॅसमध्ये तापतात, फिरून हवेच्या बाजूला येतात आणि ती उष्णता हवेला देतात, एवढाच खेळ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं गॅस आउटलेट टेम्परेचर बघणं. 140 दिसलं की "हीटर एकदम भारी चाललाय". अहो, रोटरची सील, म्हणजे हवा आणि गॅस वेगळे ठेवणाऱ्या पट्ट्या, घासलेली असतील तर हवेचं प्रेशर जास्त असल्यामुळे गार हवा सरळ गॅसमध्ये घुसते, गरम पाण्याच्या बादलीत गार पाणी ओतल्यावर होतं तसंच, आकडा खाली येतो पण उष्णता काही वाचलेली नसते. म्हणून हीटरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडं गॅसमधला ऑक्सिजन टक्क्यांत मोजा. आत 3.5, बाहेर 5.5 आला तर फरक 2, त्याला 21 (हवेतला ऑक्सिजन) वजा 5.5 म्हणजे 15.5 नं भागा, 90 नं गुणा, लीकेज साडेअकरा टक्क्यांच्या पुढं. हवा 40 ची असेल तर तुमचं ते 140 खरं तर 150 च्या आसपास आहे! आणि गॅस साधारण 22 डिग्रीनं खाली आणला की बॉयलरची एफिशियन्सी एक टक्का वाढते, म्हणजे हे दहा डिग्री काही फुकटचे नाहीत. वर ती फालतू हवा ओढून ओढून आयडी फॅनचे (गॅस बाहेर ओढणाऱ्या पंख्याचे) अँपिअर चढतात ते वेगळंच, मग लोड मिळेना म्हणून फॅनला शिव्या.

अजून एक, मे महिन्यातलं रीडिंग जानेवारीशी लावू नका, आपल्याकडं उन्हाळ्यात आत जाणारी हवाच 42 ची असते, आउटलेट चढणारच.

सील सेट करताना गार रोटरवर सगळीकडं सारखी गॅप ठेवून मोकळे होणारे पण बघितलेत. रोटर वरून जास्त तापतो, कडेनं खाली झुकतो, त्यामुळे वरची गॅप चालू असताना उघडते आणि खालची आवळते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा दिलेला असतो तो उगाच नसतो.

डीपी (हीटरच्या आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक) वाढला की लगेच सूट ब्लोअर, म्हणजे स्टीम मारून राख झाडणारं यंत्र, लावतात, पण स्टीम लाइनचं पाणी ड्रेनच करत नाहीत. ओली स्टीम मारली की राखेचा गारा होतो, बास्केट अजून चोकअप. खालची बाजू फार गार ठेवली तर सल्फरचं ॲसिड पत्रा खातं, तेव्हा लो लोडला स्टीम कॉइल हीटर (आत येणारी हवा स्टीमनं आधीच कोमट करणारा) चालू ठेवायचा, कंटाळा नको.

आणि लाइटअपला, म्हणजे बॉयलर पेटवताना, ऑइल नीट जळत नसेल तर ते बास्केटवर बसतं. तेव्हा ब्लोअर चालूच पाहिजे. रोटर बंद पडून आउटलेट अचानक वर पळायला लागलं तर सेन्सर खराब असेल म्हणत बसू नका, आग लागली असं धरा आणि फायर वॉटरकडं पळा.