सीजीएचएसच्या डिस्पेन्सरीत "हे औषध लिस्टमध्ये नाही" म्हणाले तर काय करायचं

आईबाबा सेंट्रल गव्हर्नमेंटचे पेन्शनर असतील आणि सीजीएचएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून औषधं घेत असतील तर हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. तिथून तसेच परत फिरू नका. आधी विचारा की औषध यादीतच नाहीये, का यादीत आहे पण आत्ता स्टॉक संपलाय, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

स्टॉक नसेल तर टेन्शन नाही, डॉक्टर इंडेंट म्हणजे औषधाची मागणी टाकतात, ठरलेला लोकल केमिस्ट डिस्पेन्सरीत आणून देतो आणि आपण नंतर जाऊन घ्यायचं.

खरा घोळ ब्रँडचा होतो. स्पेशालिस्ट ब्रँडचं नाव लिहितात आणि डिस्पेन्सरी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देते, ते नियमात बसतं, त्यावर भांडू नका, पण ओपीडीतून निघायच्या आधीच डॉक्टरांकडून जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, कॅपिटलमध्ये लिहून घ्या. आमच्या बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 ची एकच गोळी होती, डिस्पेन्सरीतून दोन्ही सुट्या मिळाल्या आणि घरी उरलेल्या जुन्या स्ट्रिपमधली गोळीपण ते सोबत घेत राहिले, म्हणजे डबल डोस, तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठताना चक्कर आली तेव्हा आमच्या लक्षात आलं. जीव घाबरला होता अक्षरशः. म्हणून नवीन औषध घरी आलं की डॉक्टरांना विचारून जुनी स्ट्रिप त्याच दिवशी डब्यातून काढा आणि नव्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात "बीपी, सकाळी" असं लिहून ठेवा.

आता खरोखर यादीबाहेरचं असेल, म्हणजे कॅन्सरचं किंवा संधिवाताचं महागडं इंजेक्शन वगैरे, तर स्पेशालिस्टकडून लेखी घ्या की यादीतली कुठली औषधं देऊन झाली, त्याने काय फरक पडला नाही आणि हेच का हवंय. नुसतं "अॅडव्हाइज्ड" लिहिलेला कागद कामाचा नाही. त्याला रिपोर्ट आणि सीजीएचएस कार्डाची झेरॉक्स जोडून सीएमओ इन्चार्जकडे, म्हणजे डिस्पेन्सरीच्या मुख्य डॉक्टरांकडे, अर्ज द्या, असे अर्ज पुढे एक्स्पर्ट कमिटीकडे जातात. मंजुरीआधी स्वतःच्या पैशाने घ्यायची वेळ आली तर आधी सीएमओंशी बोला, पैसे परत मिळतीलच असं धरून चालू नका. टॉनिक, प्रोटीन पावडर यासाठी मात्र खेटे घालू नका.

अर्ज दिल्यावर आपल्या कॉपीवर तारखेसकट आवक शिक्का घ्याच, नाहीतर पुढच्या वेळी चौकशीला गेलं की आधी कागद शोधण्यातच दुपार जाते.