आईवडिलांची स्मरणशक्ती कशी तपासून घ्यावी

"बाबांना एकसष्ट सालचा पानशेतचा पूर अजून जसाच्या तसा आठवतो. कोणाच्या वाड्यात किती पाणी होतं तेही सांगतात. त्यांना कसला आलाय विसराळूपणा?" पुण्यातल्या कितीतरी घरांत हा युक्तिवाद होतो. पुण्याबाहेर पुराच्या जागी बहात्तरचा दुष्काळ येतो, एवढाच फरक. पण त्यावरून काहीच ठरत नाही. अल्झायमरची झीज बहुतेकांत मेंदूच्या हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात आधी सुरू होते, आणि या भागाचं काम असतं नवी आठवण पक्की करण्याचं. पूर्वीच पक्क्या झालेल्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात. तेव्हा पुराचं विचारू नका. काल दुपारी घरी कोण आलं होतं, परवाच्या लग्नात जेवायला काय होतं, हे गप्पांच्या ओघात विचारा. मात्र खरं उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं, कारण चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे येऊ शकतं.

स्मृती आणि विचारशक्ती इतकी ढासळणं की रोजचे व्यवहार अडतात, याला डिमेन्शिया म्हणतात, आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. भारतात साठीपुढच्या लोकांत त्याचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. डॉक्टर नुसतं 'एमसीआय' म्हणतात. यात वय आणि शिक्षणाच्या मानाने स्मृती कमी पडते हे चाचणीत दिसतं, पण बँक, स्वयंपाक, औषधं, प्रवास हे माणूस स्वतःचं स्वतः निभावतो, फार तर जरा हळू. स्मृतीच्या दवाखान्यात येणाऱ्या अशा लोकांपैकी साधारण १० ते १५ टक्के दर वर्षी डिमेन्शियाकडे सरकतात. बाकीचे काही तिथेच राहतात, काही सुधारतातही. कोण कुठल्या वाटेने चाललंय हे कळायचं तर वेळेत आणि नीट झालेली तपासणी लागते.

आधी दोन-तीन आठवडे नोंदी ठेवा

वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा, पण तारखेसह लिहा. "आई हल्ली विसरते" या वाक्याचा डॉक्टरांना फारसा उपयोग नसतो. "मंगळवारी तासाभरात चार वेळा विचारलं की ताई कधी येणार" याचा खूप होतो.

मापाची पट्टी म्हणून शेजारच्या काकूंना धरू नका. तुलना त्याच माणसाच्या आधीच्या स्वतःशी करायची. आयुष्यभर चष्मा शोधत फिरणारा माणूस आजही चष्मा शोधत असेल तर त्यात नवं काही नाही. पण चाळीस वर्षं सोसायटीचा हिशेब पैशापैशाने जुळवणारे काका एकच मेंटेनन्स दोनदा भरू लागले, किंवा डोळे मिटून पुरण शिजवणाऱ्या आजी गूळ घालायचा विसरू लागल्या, तर ते लिहून ठेवण्यासारखं आहे. एडी८ नावाची आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. ती शक्यतो रुग्णाला ओळखणाऱ्या माणसाला विचारतात आणि तिचा सगळा भर बदलावर असतो: निर्णय चुकतात का, आवडीच्या गोष्टींतलं मन उडालंय का, तेच तेच प्रश्न आणि गोष्टी येतात का, नवा रिमोट किंवा मोबाइल शिकणं जड जातं का, महिना किंवा वर्ष चुकतं का, पैशाचे किचकट व्यवहार अडतात का, ठरलेल्या भेटी विसरतात का, आणि स्मृतीची व विचारांची अडचण रोजचीच झाली आहे का. दोन किंवा जास्त ठिकाणी 'हो, बदल झालाय' असं उत्तर आलं तर पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. निदान मात्र यावरून होत नाही.

नोंदी सोबत राहणाऱ्याने ठेवाव्यात. पुणे-न्यू जर्सी व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं "जेवलास का, थंडी आहे का" हे बोलणं बिघडलेल्या स्मृतीतही छान जमून जातं. आणि घरातही एक पडदा असतोच. बाबा अडखळले की आई शब्द पुरवते, आईने भाजी खारट केली की बाबा निमूट खातात. दोघांपैकी एक जण चार दिवस गावाला गेला की मग सगळं उघडं पडतं. असे चार दिवस आले तर नोंदी जास्त बारकाईने ठेवा.

स्मृती बिघडवणाऱ्या इतर गोष्टी बाजूला काढा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण ते गाळतात आणि थेट एमआरआयला जातात. उलट करा. घरातली सगळी औषधं, अगदी सर्दीच्या गोळीपासून आयुर्वेदिक चूर्णापर्यंत, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, लघवी रोखण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही सगळी म्हाताऱ्या मेंदूची स्मृती मंद करू शकतात. मात्र यातलं काहीही आपल्या मनाने एकदम थांबवू नका. झोपेच्या गोळ्या तर कमी करत करतच सोडाव्या लागतात.

रक्तात बी१२, थायरॉइड, सोडियम, साखर, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत पाहतात. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं नेहमीचंच आहे. त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी अनेक वर्षं चालू असेल तर ते आणखी घटतं. कान तपासा, कारण जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून? मोतीबिंदू पाहा. रात्री जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. उदासीचं विशेष बघा. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांत 'विसराळू' झालेल्या माणसाला कधीकधी दुःखाने घेरलेलं असतं, आणि त्यावर उपचार आहेत.

एक अपवाद. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, दिवसरात्रीचं भान गेलं, तर स्मृतीच्या चाचणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, पक्षाघात, यांतलं काहीही असू शकतं.

कोणाकडे जायचं आणि न्यायचं कसं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून. पुढे न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वार्धक्यतज्ज्ञ. मोठ्या रुग्णालयांत मेमरी क्लिनिक असतात आणि सविस्तर चाचण्या घेणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट तिथेच भेटतात. जवळ काय आहे हे कळत नसेल तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या १९९२पासून काम करणाऱ्या संस्थेकडे विचारता येतं. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

"तुला वेड लागलंय का ते बघायचंय" असा सूर लागला तर आई दारातूनच परत फिरेल. खोटं सांगूनही नेऊ नका, आत गेल्यावर पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. "बीपी-शुगर बघतो तशी या वयात स्मरणशक्तीही एकदा बघून घेऊ" हे खरंही आहे आणि पटण्यासारखंही.

वेळ सकाळची मागा. नाश्ता झालेला असावा, चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत असावं. किती इयत्ता शिक्षण झालं आणि घरात कोणती भाषा बोलतात हे आधीच सांगा. घरी 'तयारी' करून घेऊ नका. मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषांनी आईचा सराव झाला तर गुण फुगतात आणि निदान मागे पडतं. म्हणून चाचण्यांतले शब्दही या लेखात दिलेले नाहीत.

आत नेमकं काय होतं

छोट्या चाचणीला दहा मिनिटं लागतात. सगळ्यात परिचित दोन: १९७५ची एमएमएसई आणि माँट्रियलमध्ये झियाद नसरेद्दीन यांनी तयार केलेली, २००५मध्ये प्रसिद्ध झालेली मोका. दोन्ही ३० गुणांच्या. सुरुवातीच्या घसरणीसाठी मोका जास्त कामाची. तिच्या मूळ अभ्यासात एमसीआय असलेल्यांपैकी ९० टक्के मोकाने पकडले, एमएमएसईने फक्त १८ टक्के. म्हणून एमएमएसईत २८ गुण मिळाले की "सगळं ठीक" म्हणून घरी पाठवलं गेलं आणि तुमची वही मात्र वेगळं सांगत असेल, तर मोका किंवा सविस्तर चाचणी मागायला संकोचू नका. मोका मराठीत उपलब्ध आहे. परदेशात मुलांकडे गेलेल्या आजींची चाचणी इंग्रजीत, नातवाला दुभाषा करून झाली, तर ती धरू नये.

मोकात चित्राची नक्कल करायची असते, आकडे उलटे म्हणायचे असतात, शंभरातून सात सात वजा करायचे असतात. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. 'दहा' ऐकल्यावर काटा दहाच्या आकड्याकडे ओढला जातो, आणि ती ओढ आवरून तो दोनवर नेण्यासाठी मेंदूचा पुढचा भाग शाबूत लागतो.

पण अल्झायमरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे पाच शब्द. ते वाचून दाखवतात, दोनदा म्हणून घेतात, मग दुसऱ्या कामांत गुंतवून साधारण पाच मिनिटांनी विचारतात. नाही आठवले तर खरी मेख पुढे आहे. परीक्षक सूचक मदत देतो: "ती एक भाजी होती." मग पर्याय देतो. वस्तू कपाटात असूनही सापडत नाही हा एक प्रकार, आणि ती कपाटात ठेवलीच गेली नाही हा दुसरा. साध्या वार्धक्यात, उदासीत किंवा झोप अपुरी असताना सूचना मिळाली की शब्द बऱ्याचदा सापडतो. अल्झायमरच्या नेहमीच्या प्रकारात सुरुवातीपासूनच सूचनेचा फारसा उपयोग होत नाही. उलट यादीत नसलेली भाजी खात्रीने सांगितली जाते. मोकाच्या गुणांत सूचनेनंतर आठवलेल्या शब्दाला गुण नसतो, पण कागदावर त्याची खूण करायची जागा असते. ती खूण केली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्या मते एकूण बेरजेपेक्षा ती जास्त सांगते.

सविस्तर चाचणीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे म्हणायला सांगतात. पहिल्या फेरीत पाच-सहा आले तर घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं असतं की फेरीगणिक आकडा चढतो का, आणि वीस-तीस मिनिटांनी त्यातले किती उरतात. शिवाय एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगणं, गोष्ट ऐकून परत सांगणं असे प्रकार असतात.

तुम्ही खोलीत असाल तर गप्प बसा. ओठ हलवू नका, "अगं, सांग ना, आत्ताच तर म्हणालीस" तर मुळीच नको. शक्य असेल तर बाहेरच थांबा.

गुण कसे वाचायचे

मोकाची ठरलेली सीमा २६ आहे. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पण ही सीमा फार कडक आहे, २३ जास्त योग्य ठरेल, असं पुढच्या अनेक संशोधकांचं मत पडलं. एमएमएसईसाठी २४ धरतात. हे आकडे शिकलेल्या लोकांवरून आलेले आहेत हे विसरू नका. निवृत्त प्राध्यापकांचे २६ ही घसरण असू शकते, आणि चौथी शिकलेल्या, शेतात राबलेल्या आजींचे २१ ठणठणीत असू शकतात. ज्यांच्या हातात कधी पेन्सिलच आली नाही त्यांना घनाकृती काढायला लावून काय कळणार? हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी एमएमएसईची हिंदी आवृत्ती तयार केली, ती १९९५मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य सांगायचं असतं. कमी शिकलेल्यांसाठी मोकाचीही 'बेसिक' आवृत्ती आहे. गावाकडच्या आजीआजोबांसाठी अशी चाचणी आहे का, हे आधीच विचारा.

पुढच्या तपासण्या

एमआरआय एकदा करतात. त्यात छोटे पक्षाघात, गाठ, साचलेलं रक्त किंवा पाणी दिसतं, आणि हिप्पोकॅम्पस आक्रसलाय का ते कळतं. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये तो वयानुरूपही दिसू शकतो, त्यामुळे "एमआरआय नॉर्मल" या दोन शब्दांवर वही मिटू नका. अमायलॉइड पेट स्कॅन, पाठीच्या कण्यातलं पाणी, आणि अलीकडे रक्तातलं पी-टाऊ२१७ यांवरून मेंदूत अल्झायमरची प्रथिनं साचली आहेत का याचा अंदाज येतो. या प्रत्येकाला लागत नाहीत. शंका उरली असेल किंवा निकालामुळे उपचार बदलणार असतील तरच कराव्यात. लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं (अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता) एमसीआय आणि सौम्य अवस्थेतच देतात, आणि त्यासाठी मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचल्याचा पुरावा लागतो. स्मृती नीट असलेल्यांनी कुतूहलापोटी यातलं काही करू नये. एपीओई४ जनुकाची चाचणी तर फक्त धोका वाढलाय एवढंच सांगते, आजार आहे की नाही हे सांगत नाही.

निकाल एमसीआय आला तर अल्झायमरवर देतात त्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा त्या टप्प्यावर ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. रक्तदाब, साखर, कान, झोप, चालणं आणि माणसांत मिसळणं याकडे लक्ष द्या, आणि सहा ते बारा महिन्यांनी त्याच चाचणीच्या पर्यायी आवृत्तीने पुन्हा तपासा. त्याआधी पुन्हा केली तर सरावाचे गुण मिळतात.

याच काळात बँकेचं नॉमिनेशन आणि मृत्युपत्र उरकून घ्या, कारण आज आई समजून-उमजून सही करू शकते. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज हरपल्यावर चालत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. आणि चाचणीच्या मूळ कागदाची, आईने काढलेल्या घड्याळासकट, प्रत मागून घ्या. डॉक्टर बदलले तरी पुढच्या वेळी तुलना त्या कागदाशीच करायची आहे, नुसता गुणांचा आकडा तिथे पुरत नाही.