बेस की स्पोर्ट? छोटी कार निवडताना या चुका टाळा

छोटी कार घ्यायची ठरते, मॉडेलही पक्के होते आणि मग त्याच गाडीची दोन रूपे समोर येतात. एक साधे बेस व्हेरियंट, स्टीलच्या चाकांचे आणि त्यावर प्लॅस्टिकची व्हील कॅप असलेले. दुसरे ‘स्पोर्ट’, अलॉय म्हणजे मिश्रधातूची चाके, मागे स्पॉयलर म्हणजे पंखासारखी पट्टी आणि स्टिअरिंगवर वेगळ्या रंगाची शिलाई मिरवणारे. अनेकदा हा निर्णय गाडीकडे पाहूनच घेतला जातो. वास्तविक त्यातला बराचसा फरक चाकांच्या आत, सीटच्या खाली आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर दडलेला असतो.

‘स्पोर्ट’ या शब्दावर विसंबणे

या शब्दाचा ठरावीक अर्थ नाही. तो प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने वापरते. २०१७ साली आलेल्या सुझुकी स्विफ्ट स्पोर्टमध्ये १.४ लिटरचे, १४० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते, म्हणजे साध्या स्विफ्टहून ती खरोखरच वेगळी गाडी होती. याउलट २००९ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या होंडा फिटच्या बेस आणि स्पोर्ट या दोन्ही रूपांत १.५ लिटरचे, ११७ अश्वशक्तीचे एकच इंजिन होते. स्पोर्टला मोठी अलॉय चाके, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखण्याची सोय) आणि ऑटोमॅटिक घेतल्यास पॅडल शिफ्टर (स्टिअरिंगमागचे गिअर बदलण्याचे खटके) मिळत, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिळणारी ताकद तीच होती. ह्युंदाई आय२०च्या बाबतीत तर नावांतच गल्लत होते. ‘एन’ म्हणजे १.६ लिटर टर्बो आणि २०४ अश्वशक्ती, तर ‘एन लाइन’ला युरोपात साध्या आय२०मधलेच १ लिटरचे टर्बो इंजिन मिळत होते.

म्हणून माहितीपत्रकातील छायाचित्रे बाजूला ठेवून तांत्रिक तक्ता उघडावा आणि कमाल शक्ती, टॉर्क (इंजिनची फिरवण्याची ताकद), गिअरचे गुणोत्तर, गाडीचे वजन, टायरचा आकार व मागचे ब्रेक एवढ्याच ओळी दोन्ही रूपांसाठी शेजारीशेजारी लिहून काढाव्यात. शक्ती, टॉर्क आणि गिअर सारखेच असतील, तर स्पोर्ट अधिक वेगवान असेल ही अपेक्षा तिथेच सोडून द्यावी.

चाकांकडे केवळ शोभा म्हणून पाहणे

माझ्या मते सर्वांत जास्त पश्चात्ताप या चुकीमुळे होतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. वर उल्लेखिलेल्या फिटचेच उदाहरण घेऊ. बेसचा टायर १७५/६५ आर १५ आणि स्पोर्टचा १८५/५५ आर १६ होता. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत देतो. हिशेब केला तर बेसच्या टायरची साइडवॉल सुमारे ११४ मिलिमीटर आणि स्पोर्टची सुमारे १०२ मिलिमीटर भरते. चाकाचा एकूण व्यास मात्र दोन्हींचा जवळपास तितकाच, सुमारे ६०९ मिलिमीटर, येतो. म्हणजे मोठी चाके घेतल्याने गाडी उंच झाली नाही. रिम आणि रस्ता यांच्यामधली हवेची गादी तेवढी १२ मिलिमीटरने पातळ झाली.

या पातळ गादीचा फायदा खरा आहे. वळणावर टायर कमी मुडपतो, स्टिअरिंग वळवताच गाडी लगेच प्रतिसाद देते आणि चालवण्यात एक नेमकेपणा येतो. ज्यांना गुळगुळीत, वळणांच्या रस्त्यावर गाडी चालवण्याचा मनापासून आनंद मिळतो, त्यांनी तो मिळवण्यात काहीही गैर नाही. पण खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की तीच पातळ गादी धक्का पूर्ण शोषू शकत नाही. तो रिमपर्यंत आणि तिथून पाठीपर्यंत पोचतो. स्टीलची रिम अशा वेळी वाकते आणि पुष्कळदा ठोकून सरळ करता येते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली रिम बदलणेच सुरक्षित. त्यातही टायर जितका मोठा आणि कमी खपाच्या आकाराचा, तितका तो बदलायच्या वेळी महाग पडतो.

अलॉय म्हणजे हलके, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. एकाच आकाराची दोन चाके घेतली तर अलॉय सहसा हलके भरते, पण इथे तुलना लहान स्टीलच्या चाकाची मोठ्या अलॉय चाकाशी असते. मोठ्या टायरसह ते तितकेच किंवा अधिक जड असू शकते. स्टेपनीचीही चौकशी करावी, कारण चार चाके मोठी आणि स्टेपनी लहान असेल, तर पंक्चरनंतर वेगाची मर्यादा पाळतच घरी पोचावे लागते.

नंतर बसवता येणाऱ्या वस्तूंसाठी वरचे व्हेरियंट घेणे

अलॉय चाके, स्पॉयलर, म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, पार्किंग सेन्सर हे सारे नंतर बसवता येते. जादा एअरबॅग, मागचे डिस्क ब्रेक, पुढेमागे सरकणारे स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटची उंची बदलण्याची सोय आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल मात्र कारखान्यातूनच यावे लागते. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधी ती अनेकदा वरच्या व्हेरियंटलाच मिळत असे. २००९च्या फिटमध्ये तर ती नेव्हिगेशन असलेल्या स्पोर्टपुरतीच होती. त्यामुळे जुनी छोटी कार घेताना केवळ या एका यंत्रणेसाठी वरचे व्हेरियंट घेणे मला पूर्णपणे योग्य वाटते. लाल शिलाईसाठी घेणे योग्य वाटत नाही.

एक चालवून दुसरी घेणे

टेस्ट ड्राइव्हला बहुधा वरचे व्हेरियंटच उभे असते. मी स्वतः एकदा स्पोर्ट चालवून तिच्या स्टिअरिंगवर खूश झालो आणि बेस घेतली. पुढचे कित्येक आठवडे वळणावर गाडी सैल का वाटते, या शंकेने मी तिचे सस्पेन्शन तपासून घेत होतो. दोष गाडीत नव्हता, मी चालवलेली गाडी वेगळी होती. जे व्हेरियंट घ्यायचे तेच चालवावे, खराब रस्त्यावरून न्यावे आणि थोडा वेळ मागच्या सीटवरही बसावे, कारण गचके तिथे अधिक जाणवतात.

गाडी घेतल्यानंतर चूक लक्षात आली तर

स्पोर्ट फार कडक वाटत असेल, तर आधी टायर थंड असताना हवा मोजावी आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील पट्टीशी ताडून पाहावी. वाहतुकीच्या काळात टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते आणि ती कमी न करताच गाडी ताब्यात दिली जाण्याची शक्यता असते. हवा योग्य असूनही त्रास होत असेल, तर बेसच्या मापाची चाके बसवण्याचा विचार करता येतो. मात्र ती ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) घासत नाहीत ना, बोल्टचे अंतर व ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) जुळतात ना आणि टायरची भारक्षमता पुरेशी आहे ना, हे तपासून आणि विमा कंपनीला कळवूनच तसे करावे.

बेस फार मऊ वाटत असेल, तर पहिला उपाय म्हणजे त्याच मापाचे अधिक चांगले टायर. कंपनीने वरच्या व्हेरियंटला दिलेले माप बसवता येते, त्याहून मोठे नको, कारण मग टायर आतल्या पत्र्याला घासतो आणि स्पीडोमीटर खोटा वेग दाखवू लागतो. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापून घेणे तर कटाक्षाने टाळावे. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटू शकते आणि शॉक ॲब्सॉर्बर वारंवार तळाला आपटून लवकर निकामी होतात.

जुनी स्पोर्ट घेत असाल तर प्रत्येक रिमच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. वाकलेली कड बाहेरून दिसत नाही, पण महामार्गाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. टायरवरील चार अंकही वाचावेत, २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आणि कागदपत्रांवरील व्हेरियंटचे नाव गाडीशी जुळवून पाहावे, कारण स्पॉयलर आणि बिल्ला बेसवरही चिकटवता येतो.