सांगलीच्या आयर्विन पुलाचं जपानी प्रिंट: लाकडाच्या ठशावरून घरी कसं छापायचं

आधीच सांगतो, खोदकाम हा यातला सोपा भाग आहे. सगळे पटाशी बघूनच घाबरतात, पण माझी पहिली पंधरा-वीस प्रिंट रद्दीत गेली ती कागदाची ओल कळली नाही म्हणून. जपानीत याला मोकुहांगा म्हणतात, पाण्यातले रंग, तांदळाची खळ आणि हाताचा जोर, बास, प्रेस लागत नाही त्यामुळं सांगलीत दोन खोल्यांच्या घरात पण जमतं.

पूर्वी तिकडं चित्र काढणारा वेगळा, खोदणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालणारा प्रकाशक वेगळा असायचा. १९०४ ला यामामोतो कानाए या चित्रकारानं एका मच्छीमाराचं चित्र स्वतःच काढलं, खोदलं आणि छापलं, आणि तिथनं एकट्यानं सगळं करायची चाल पडली. आपण त्यातलेच, कारण मदतीला येणार कोण.

लाकूड: ते लोक चेरीचं वापरतात, ते इथं कुठनं आणायचं, वखारीतनं शिवणची वाळलेली फळी घ्या आणि रंधा मारून घ्या. सागवानाची छिद्रं मोठी, सपाट रंगात ठिपके येतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नकोच, पाणी लागलं की चहातल्या पावासारखं फुगतं. पटाशा कुठल्याही चालतील पण धार पाहिजे. मी मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन धार लावायला शिकलो, सतारी करणाऱ्या बऱ्याच घरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यामुळं त्या माणसांची बोटं बघत बसलं तरी निम्मं कळतं.

चित्र पातळ कागदावर काढायचं आणि कागद फळीवर उलटा चिकटवायचा, मागनं ओल्या बोटानं कागदाचा थर चोळून काढला की रेषा दिसतात. मी पहिल्यांदा शहाणपणा करून कार्बननं सरळ छापलं आणि खाली झोकात लिहिलेलं 'सांगली' प्रिंटमध्ये आरशातल्यासारखं आलं.

खोदताना रेषेच्या दोन्ही बाजूनं पाती बाहेर तिरकी धरायची, म्हणजे रेषा उसाच्या सरीतल्या वरंब्यासारखी राहते, वर निमुळती आणि खाली रुंद. सरळ उभी कापली तर छापताना तुटते. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि त्याच कडेला पुढं एक सरळ खाच करायची, याला केंतो म्हणतात, कागद दर वेळी तिथंच टेकवायचा म्हणजे रंगावर रंग बरोबर बसतो. जपानी बोलण्यात अंदाज चुकला तर 'केंतो चुकला' अशा अर्थाचा शब्द आहे, यावरनं समजून घ्या किती जणांचा चुकला असेल. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि केंतो सगळ्यांवर एकाच जागी.

आता ओल. हातकागद आदल्या रात्री ओल्या वर्तमानपत्रांच्या थरात ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. सकाळी हाताला गार लागला पाहिजे पण पाण्याची चमक नको. आपल्याकडं एप्रिलमध्ये पंख्याखाली पाच मिनिटांत कागद आकसतो आणि पुलाची कमान नदीवरनं सरकते, म्हणून पंखा बंद, घाम पुसत काम करा. पावसाळ्यात उलटं, दोन दिवस गुंडाळून ठेवला की बुरशी.

ठशावर थोडा रंग, त्यात तांदळाच्या पिठाच्या खळीचा शेंगदाण्याएवढा थेंब, ब्रशनं पसरायचं, खळ नसली तर रंग ठिपक्यांनी बसतो. कागद ठेवून वरनं बारेननं, म्हणजे हातात धरायच्या गोल चकतीनं, घासायचं. खरा बारेन बांबूच्या सालीचा असतो, मी लाकडी चकतीवर सुतळी गोल गुंडाळून चिकटवली आणि वर सुती कापड घट्ट बांधलं, त्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं की सरसर फिरतो.

आकाशाचा निळा वरनं खाली विरत नेतात त्याला बोकाशी म्हणतात. आकाशाच्या ठशाचा खालचा अर्धा भाग ओल्या फडक्यानं पुसा, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लावा, आणि तो कोपरा वर ठेवून आडवा फिरवा, पाणी रंगाला आपोआप विरवतं. पाणी जास्त झालं तर खाली डाग पडतो, कमी झालं तर विळ्यानं कापल्यासारखी रेघ दिसते. निळा प्रशियन ब्लू घ्या, जपानी चित्रकार होकुसाईच्या १८३१ च्या आसपासच्या लाटेच्या प्रिंटमधला तोच. पिवळ्यासाठी मात्र हळद नको, हळदीच्या गावचा म्हणून मी हौसेनं वापरली, खिडकीजवळच्या भिंतीवर लावलेल्या प्रिंटमधला पिवळा बघता बघता उडाला. ट्यूबमधला चांगला वॉटरकलर घ्या.

छापलेली प्रिंटं पुठ्ठ्यांमध्ये दाबून सुकवा. ठसा धुवून सावलीतच ठेवा, उभा. माझा एक गच्चीवर उन्हात राहिला, कमानीसकट अख्खा पूल वाकला, आता त्यावर चहाचा कप ठेवतो.