युरोपातील नोकरीचा पगार कसा पारखावा

युरोपातून नोकरीचे पत्र आले की घरात सर्वांत आधी युरोच्या दराने गुणाकार होतो आणि वर्षाचे किती लाख रुपये झाले, हे नातेवाइकांपर्यंत पोहोचते. हा गुणाकार करावा, पण सगळ्यांत शेवटी. त्याआधी दोन वजाबाक्या कराव्या लागतात: एक कर आणि सामाजिक विम्याची, दुसरी घरभाडे आणि घरखर्चाची.

प्रथम देशांच्या सरासरीकडे पाहावे. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये संघातील पूर्णवेळ कर्मचाऱ्याचा करपूर्व वार्षिक पगार सरासरी सुमारे ३७,९०० युरो होता. लक्झेंबर्गमध्ये तो ८१,१००, डेन्मार्कमध्ये ६७,६००, तर बल्गेरियात १३,५०० युरो होता. डेन्मार्क आणि बल्गेरिया यांच्यात पाचपटीचे अंतर दिसते. परंतु हेच कार्यालय किमतींचा निर्देशांकही देते. त्यात संघाची पातळी १०० धरली, तर डेन्मार्क १४० च्या वर आणि बल्गेरिया ६० च्या आसपास असतो. पगाराला या निर्देशांकाने भागून शंभराने गुणले की डेन्मार्कचे सुमारे ४७ हजार आणि बल्गेरियाचे सुमारे २२ हजार उरतात, म्हणजे पाचपटीचे अंतर दुपटीवर येते. सरासरी मोजक्या मोठ्या पगारांमुळे फुगते, म्हणून मध्यक पगार, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे कर्मचारी असतात तो आकडा, मिळाल्यास तोच धरावा.

आता स्वतःच्या पत्राकडे वळावे. त्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा करपूर्व आणि वार्षिक असतो. जर्मनीचे उदाहरण घेऊ, कारण पुण्या-मुंबईतून तिथे जाणारे अभियंते पुष्कळ आहेत. २०२५ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ५०,००० युरो मिळवणाऱ्या, अविवाहित आणि अपत्य नसलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के, तसेच आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचा हिस्सा कापला जातो, आणि त्यावर आयकर लागतो. महिन्याला ४,१६७ युरोंपैकी हातात साधारण २,७०० युरो येतात. जोडीदार कमावत नसेल आणि योग्य करवर्ग (विवाहित की अविवाहित अशा बाबींवरून ठरणारा, कर किती कापायचा याचा गट) निवडला असेल, तर यात तीनशे युरोंच्या आसपास भर पडते. म्हणून ‘पगार किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या करवर्गात?’ हे विचारावे.

इतर देशांच्या रीती वेगळ्या आहेत. स्पेन, पोर्तुगाल आणि ऑस्ट्रियात वर्षाचा पगार बहुधा चौदा हप्त्यांत मिळतो, त्यामुळे महिन्याच्या आकड्याला बाराने गुणणे चुकते. नेदरलँड्समध्ये आठ टक्के सुट्टीभत्ता असतो. तो पत्रातील रकमेत धरला आहे की वेगळा, हे लेखी विचारावे. स्वित्झर्लंडमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही, तो घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी, अगदी तान्ह्या बाळासाठीही, स्वतंत्र भरावा लागतो. तिथला हातात येणारा मोठा पगार पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हा खर्च आधी मांडावा.

खर्चाच्या बाजूला खरे वजन भाड्याचे असते. दूध, भाजी, तांदूळ यांच्या किमती एका देशात शहरागणिक फारशा बदलत नाहीत, पण म्युनिक आणि लाइपझिग यांच्या भाड्यांत मोठी तफावत असते. त्यामुळे देशाचा निर्देशांक शहराला लावू नये. जर्मन जाहिरातीत ‘काल्टमीटे’ असे लिहिले असेल, तर ते केवळ जागेचे भाडे असते. हीटिंग, पाणी वगैरे धरून होणारी ‘वार्ममीटे’ हीच तुलनेची रक्कम आहे, आणि वीज व इंटरनेट बहुधा त्याहून वेगळे. मूल असेल तर पाळणाघराचे शुल्कही पाहावे. बर्लिनमध्ये ते जवळजवळ माफ आहे, इतर अनेक शहरांत नाही.

घरी पैसे पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. किमतींचा निर्देशांक तिथे खर्च होणाऱ्या युरोला लागू होतो, शिल्लक राहून सांगलीला किंवा नाशिकला जाणाऱ्या युरोला नाही. दोन देशांत राहणीमान सारखेच असले, तरी महागड्या देशात महिन्याला ८०० युरो आणि स्वस्त देशात ४०० युरो उरत असतील, तर गृहकर्जाच्या हप्त्यासाठी पहिला देश दुप्पट उपयोगी ठरतो. रुपयांचा गुणाकार करायचा तो या शिल्लक रकमेचा.

भारतीय कंपनी ठरावीक काळासाठी पाठवत असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’, म्हणजे वर्गणी भारतात भरली जात असल्याचा दाखला, निघण्याची खात्री करावी. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा, भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशांत त्यामुळे निवृत्तिवेतनाची वर्गणी दोन्हीकडे भरावी लागत नाही. आणि पहिला पगार हातात येण्यापूर्वी लागणारी रक्कम वेगळी काढून ठेवावी: जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी अनामत मागू शकतो. ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे, आणि तो करारावर सही करतानाच सांगून ठेवावा.