आयर्विनचे फूट आणि आपला उंबरा: कृष्णा-पंचगंगेवर नजर ठेवण्याची तयारी

पहिलं काम मे महिन्यातच उरकायचं, आणि ते नदीवर नाही, घरात आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी झालं की आपला उंबरा भिजतो, हा आकडा काढून ठेवा. सांगलीत इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातल्या माणसाला चाळीसची वाट बघून चालत नाही, तिथे पाणी त्याआधीच शिरतं. विश्रामबागेत मात्र पंचेचाळीसला कुणी खिडकीतून डोकावतही नाही.

आकडा काढायची रीत सोपी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. तेव्हा तुमच्या भिंतीवरची खूण उंबऱ्यापासून चार फुटांवर राहिली असेल, तर उंबरा साधारण साडेत्रेपन्नला भिजणार. पुलापासून लांब असाल तर नदीच्या उतारामुळे फरक पडतो, म्हणून हिशेबात एक फूट कमीच धरा. घर नवं असेल तर शेजारच्या जुन्या घराची खूण विचारून घ्या. गवंडी ती लेव्हलच्या पाइपने तुमच्या दारापर्यंत आणून देतो.

मग तसाच रस्त्याचा आकडा काढा, आणि खरं तर हाच जास्त महत्त्वाचा. घर बुडण्याच्या बरंच आधी गावाबाहेर जाणारा रस्ता, ओढ्यावरची मोरी, सखल वळण पाण्याखाली जातं. घर कोरडं आहे म्हणून थांबलेली माणसं नंतर बोटीच्या भरवशावर राहतात. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते पलूस तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा निघायचा आकडा रस्त्यावरून ठरवा, उंबऱ्यावरून नाही. म्हातारी माणसं आणि जनावरं त्याच्याही आधी हलवायची.

आता कोणत्या पुलाकडे बघायचं ते पक्कं करा. रोजच्या सरकारी पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ, राजापूर बंधारा अशी ओळ असते. औदुंबरकडच्यांनी भिलवडी धरावं, शिरोळकडच्यांनी अंकली आणि राजापूर. कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा: इशारा ३९ फूट, धोका ४३. एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी लावू नका. राजारामला २०१९ मध्ये ५५ फूट ७ इंच होतं आणि २०२१ मध्ये त्याहून जास्त, ५६ फूट ३ इंच. सांगलीत मात्र २०२१ चं पाणी २०१९ पेक्षा कमी राहिलं. केंद्रीय जल आयोग कराड, अर्जुनवाड, कुरुंदवाड इथली पातळी देतो, पण ती समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. ती आयर्विनच्या फुटांशी जुळवत बसू नका, फक्त चढ-उतार बघा: तीस सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक फूट.

वरच्या पावसाची नोंद रोज सकाळी घ्यायची. कोयना धरणासाठी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर, पंचगंगेसाठी गगनबावडा आणि राधानगरी. सांगलीत ऊन पडलंय म्हणून निश्चिंत राहणारे दर वर्षी भेटतात. आपला पूर सह्याद्रीच्या माथ्यावर ठरतो, आपल्या अंगणात नाही.

धरणांचा हिशेब इथे थोडा सविस्तर सांगतो, कारण टीएमसी (साठा, अब्ज घनफुटांत) आणि क्युसेक (वाहणारं पाणी, सेकंदाला घनफुटांत) एकत्र आले की माणसं वाचायचंच सोडतात. एक लाख क्युसेकने दिवसभर पाणी वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं, एवढं एकच लक्षात ठेवा. समजा कोयनेत (पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी) दहा टीएमसी जागा उरली आहे आणि आवक ऐंशी हजार क्युसेक आहे. म्हणजे दिवसाला सात टीएमसीच्या आसपास, म्हणजे दीड दिवसात धरण तुडुंब. दरवाजे त्याआधीच उघडावे लागणार, हे तुम्हाला बातमीच्या आदल्या दिवशीच कळतं. टक्केवारीपेक्षा उरलेली जागा आणि आवक हेच दोन आकडे वहीत हवेत. राधानगरीचं वेगळं आहे. तिथले सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक. तिथे कुणी निर्णय घ्यायची वाट बघायची नसते, साठा काठावर आला की भोगावतीकाठच्यांनी तयार राहायचं.

एवढं सगळं बघूनही पाणी फसवतं ते फुगेमुळे, म्हणजे खाली तटून मागे चढणाऱ्या पाण्यामुळे. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेत येते, पंचगंगा त्याखाली नरसोबावाडीला. खालच्या संगमावर पाणी तटलं की वरच्याला वाट मिळत नाही, आणि कोयनेचा विसर्ग कमी होऊनही आयर्विनची पातळी चढत राहते किंवा हटवादीपणे तिथेच थांबते. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग, राजाराम आणि राजापूर हे तीनही आकडे सांगलीकरांच्या वहीत असलेच पाहिजेत. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची आवक-जावक लिहून ठेवा. त्यावर वाद घालायला पारावर माणसं भरपूर आहेत.

वही साधी शंभर पानी चालते. तारीख, वेळ, पातळी, मागच्या नोंदीपासूनची वाढ. पस्तीस फुटांपर्यंत सकाळ-संध्याकाळ, पुढे दर तीन तासांनी, चाळीसनंतर दर तासाला. नुसत्या पातळीपेक्षा ताशी किती इंच चढतंय ते मोलाचं, कारण त्यावरून रस्ता बुडायला किती तास आहेत हे काढता येतं. पाणी पात्राबाहेर पडलं की ते शेतात पसरतं आणि चढ मंदावतो. त्याला ओसरणं समजून सामान परत खाली आणू नका. ओळीने तीन-चार नोंदी उतरत्या आल्याशिवाय नाहीच. कोयनेतून पाणी सोडल्याची वेळ आणि ते आपल्याकडे जाणवल्याची वेळही लिहीत जा. दोन-तीन पावसाळ्यांत आपल्या गावाचा स्वतःचा अंदाज तयार होतो.

गावात घाटाच्या पायरीवर किंवा विजेच्या खांबावर फुटांच्या रेघा ऑइलपेंटने मारा. खांब असा निवडा की तो बॅटरीच्या उजेडात लांबून दिसेल. रेघ वाचायला कुणी पाण्यात उतरायचं नाही. रात्रीच्या पाळीला दोघं ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण लाइट गेली की मोबाइल जातो. व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्याला तारीख आणि वेळ नसेल तर तो पुढे पाठवू नका. २०१९ चे व्हिडिओ दर पावसाळ्यात ताजे म्हणून फिरतात.

आणि पाणी ओसरल्यावर, रंगारी बोलावण्याआधी, भिंतीवरची ओली रेघ खिळ्याने कोरून तिच्याशेजारी तारीख आणि त्या दिवशीची आयर्विनची सर्वोच्च पातळी लिहा.